पंतांचं मशीन

कोटेशनरावांनी उभ्या आयुष्यात तीन कोटेशनं घेतल्याशिवाय एकही वस्तू विकत घेतली नव्हती. त्यांची हयात कचेरीच्या खरेदी विभागात गेली. टाचणीपासून तिजोरीपर्यंत जे काही कचेरीत यायचं, ते त्यांच्या तुलनात्मक तक्त्यातून गाळून यायचं. ही सवय अंगात इतकी मुरली की सोसायटीची पाण्याची टाकी धुवायची ठरली तेव्हा त्यांनी भर सभेत उभं राहून "बाकीची दोन दरपत्रकं कुठायत?" असं विचारलं. टाकी त्या वर्षी धुतली गेली नाही, पण त्यांचं हे नाव मात्र कायमचं पडलं. अशा माणसाला एक साधा फिल्टर धड विकत घेता येऊ नये, हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्यामुळे ही हकिकत त्यांच्यासमोर कोणी काढत नाही.

फिल्टर हवा होता पंतांसाठी. पंत म्हणजे कोणी वडीलधारे नातेवाईक नव्हेत. पंत हा ॲक्सोलॉटल नावाचा प्राणी आहे. राहतो पाण्यात, पण मासा नाही. रंग गुलाबी, चार आखूड पाय, लांब शेपटी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे झुपकेदार कल्ले. तोंडावर सदैव एक समजूतदार हसू. दिवसातला बहुतेक वेळ ते काचेच्या टाकीत तळाशी बसून असतात आणि एखाद्या गंभीर प्रश्नावर आपलं मत राखून ठेवल्यासारखे समोर बघतात. म्हणून मुलीने त्यांचं नाव पंत ठेवलं, आणि नावामागोमाग घरात आपोआप अहो-जाहो सुरू झालं. पंत उठले का, पंत जेवले का, पंत आज नाराज दिसतात, अशी भाषा. पंतांचं जेवण म्हणजे गांडुळं, आणि ती एका डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, या विषयावर कोटेशनरावांच्या बायकोने काय काय ऐकवलं ते इथे सांगत नाही.

मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. तिथल्या घरमालकिणीला खोलीत कुंडीसुद्धा चालत नव्हती, तर पंत कुठले चालणार. तेव्हा "थोडे दिवस सांभाळ रे बाबा" असं म्हणून ती टाकी मागे ठेवून गेली. सुरुवातीला तिचा रोज फोन यायचा. मग एक दिवसाआड येऊ लागला. मग "बाबा, कामात आहे, नंतर बोलते" असा येऊ लागला. एकदा पंतांनी गांडूळ तोंडातून थुंकून टाकलं, आणि काय करावं न कळून कोटेशनरावांनी त्यांचा फोटो मुलीला पाठवला. मिनिटाच्या आत फोन वाजला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पंतांना बघायला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. कोटेशनराव फोन टाकीसमोर धरायचे आणि पंतांच्या आडून हळूच विचारून घ्यायचे, जेवलीस का, तिकडे थंडी आहे का, साहेब बरे आहेत का. पंत आहेत तोवर मुलगी आहे, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. बायकोला ते असं काही बोलले नाहीत. पंतांना मात्र रोज सांगायचे, कारण पंत ऐकून घेत आणि उलट बोलत नसत.

आणि अशात एका संध्याकाळी मुलगी स्क्रीनवर डोळे बारीक करून म्हणाली की पंतांच्या शेपटीचं टोक वळलंय आणि कल्ले पुढे आलेत, म्हणजे त्यांना पाण्याचा प्रवाह सोसत नाहीये. जुना फिल्टर टाकीच्या काठावर टांगलेला होता आणि त्यातून पाणी धबाधबा पडायचं. ॲक्सोलॉटलला वाहतं पाणी चालत नाही, संथ लागतं. "तुला जमत नसेल तर सांग बाबा," मुलगी म्हणाली. "माझ्या एका मैत्रिणीकडे मोठी टाकी आहे. ती पुढच्या महिन्यात तिकडे येतेय, ती घेऊन येईल पंतांना."

"जमत नसेल म्हणजे? माझं आयुष्य खरेदीत गेलंय," कोटेशनराव ठणकावून म्हणाले.

प्रश्न नुसत्या प्रवाहाचा असता तर गोष्ट वेगळी होती. त्यात आवाजाची भर होती. शिस्तीचे असल्यामुळे कोटेशनरावांनी सोसायटीची नियमावली आधीच काढून वाचली होती आणि सेक्रेटरींना गाठून, समजा एखाद्याने एखादा प्राणी पाळला तर, असं आडवळणाने विचारलंही होतं. सेक्रेटरींनी विचारलं, किती पायांचा? चार म्हटल्यावर ते म्हणाले, मग तो कुत्र्याच्या कलमाखाली येतो. मासा असता तर काही लागलं नसतं, पण पाय आले की खालच्या मजल्याची लेखी ना-हरकत आली. खालच्या मजल्यावर राहायच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई. एकट्याच असत. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली म्हणून त्यांनी पूर्वीच्या भाडेकरूंना स्वतः वर येऊन खुर्ची उचलायला शिकवलं होतं. त्यांच्याकडे ना-हरकत मागायला जायची कोटेशनरावांची छाती झाली नाही. त्यांनी मनाशी ठरवलं की फिल्टर असा आणायचा की बाईंना टाकी आहे हेच कळता कामा नये. म्हणजे आवाज नको, प्रवाह नको, आणि किंमतही नको.

ते तीन दुकानांत गेले आणि तिन्हीकडे कोटेशन मागितलं. पहिला दुकानदार हसला. दुसऱ्याने हे काय असतं असं विचारलं. तिसऱ्याने बिलाच्या पाठीवर एक आकडा लिहून दिला, तो सगळ्यात कमी होता. नियमाप्रमाणे तोच फिल्टर घेणं आलं. हा पाण्याच्या आत बसायचा आणि खोक्यावर तो शांत असल्याचं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. टाकीत सोडून बटण दाबल्याबरोबर पंत जागचे उचलले गेले आणि समोरच्या काचेला जाऊन चिकटले. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, पण चारी पाय पसरलेले. कोटेशनरावांनी झडप घालून बटण बंद केलं. फिल्टर परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला की पाण्यात घातलेला माल परत घेत नाही. पाण्यात घालायची वस्तू पाण्यात न घालता कशी पारखायची, हा मुद्दा कोटेशनरावांनी लेखी मांडतो म्हणून सांगितलं. दुकानदाराने त्यांना कागद आणि पेन दिलं आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

मग मुलीनेच फोनवर सांगितलं की स्पंजचा फिल्टर आण. त्यात एक स्पंज पाण्यात असतो, बाहेर एक छोटा पंप नळीतून हवा सोडतो, बुडबुडे वर येतात आणि पाणी स्पंजातून हळूहळू गाळलं जातं. प्रवाह जवळजवळ नाहीच. हा फिल्टर पंतांना एकदम पसंत पडला. शेपटी सरळ झाली, कल्ले मागे गेले, आणि ते स्पंजाला टेकून बसू लागले. पण पंप गुरगुरायचा. रात्रंदिवस, न थकता, घुर्र घुर्र घुर्र, आणि त्याच्या जोडीला बुडबुड्यांची बुडबुड. टाकी हॉलच्या कोपऱ्यात, आणि बरोब्बर त्याच्या खाली बाईंची झोपायची खोली.

कोटेशनरावांनी पंप टॉवेलवर ठेवला. मग उशीवर ठेवला. मग कपाटात ठेवला, तर अख्खं कपाट गुरगुरायला लागलं आणि आतल्या कपबशा वाजू लागल्या. मग रजईत गुंडाळला, तेव्हा तो तापला आणि रजईला वास आला. बायको म्हणाली, आता यापुढे पंपाला मांडीवर घेऊन बसा. ते हॉलच्या फरशीवर पालथे पडून, कान जमिनीला लावून, खाली किती ऐकू जात असेल याचा अंदाज घेत असताना घरकामाच्या मावशी आत आल्या आणि त्यांना पाहून आल्या पावली परत गेल्या.

आणि मग जिन्यात बाई भेटल्या. त्यांनी कोटेशनरावांकडे नीट पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "काल मशीन रात्रभर चालू होतं."

कोटेशनरावांनी माफी मागितली. लवकरच काहीतरी बंदोबस्त करतो म्हणाले.

"छे, छे. चालू राहू द्या. तेवढाच आधार," असं म्हणून बाई दोन पायऱ्या उतरल्या आणि वळल्या. "पंतांना बरं आहे ना?"

कोटेशनरावांच्या पायांखालची पायरी सरकली. बाईंना पंत माहीत होते. नावानिशी. जेवण जरा कमी झालंय, एवढं कसंबसं बोलून ते वर पळाले आणि बायकोला म्हणाले की बाई आपल्याशी उंदरा-मांजराचा खेळ खेळतायत. तेवढाच आधार म्हणे. बायको म्हणाली, बाई सरळ मनाने बोलल्या असतील. कोटेशनराव म्हणाले, जन्मभर मुलांना वर्गाबाहेर उभं करणारी बाई सरळ बोलते होय? ही तक्रारीपूर्वीची शांतता आहे.

आता सल्ला घेणं भाग होतं, पण प्राण्याचा उल्लेख न करता. समोरच्या घरात एक केमिस्ट राहत. कोटेशनरावांनी त्यांना दारात गाठून विचारलं की घरात एक छोटं मशीन आहे, ते दिवसरात्र चालवावं लागतं, बंद पडलं तर कारभार आटोपलाच, तर त्याचा आवाज कमी कसा करावा. केमिस्ट एकदम गंभीर झाले. हवेचं का, म्हणाले. कोटेशनराव हो म्हणाले, हवेचंच. केमिस्टनी विचारलं, पाच लिटरचं असेल? कोटेशनरावांना वाटलं टाकीबद्दल विचारतायत. ते म्हणाले, पाचात काय होतंय, ऐंशीचं आहे. केमिस्टनी दाराची चौकट धरली. डॉक्टर काय म्हणतात असं विचारल्यावर कोटेशनराव म्हणाले की डॉक्टरबिक्टर नाही, मुलगी फोनवरून सांगते तसं मीच करतो, आणि नीट निगा राखली तर अजून दहाएक वर्षं निघतील म्हणते. केमिस्टनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मशीनखाली घालायला रबराचे जाड तुकडे आणून दिले आणि धीर सोडू नका म्हणाले. एका पंपासाठी माणूस इतका हळवा होतो हे पाहून कोटेशनरावांना केमिस्टबद्दल आदर वाटला.

त्यानंतर इमारतीत चमत्कारिक गोष्टी घडू लागल्या. आवारात क्रिकेट खेळणारी पोरं एकाएकी मागच्या मैदानात गेली. तळमजल्यावरच्या रिक्षावाल्याने भोंगा वाजवणं सोडलं. कैक महिने बंद असलेली लिफ्ट सेक्रेटरींनी दोन दिवसांत दुरुस्त करून घेतली आणि कोटेशनरावांना बाजूला घेऊन म्हणाले, "वेळ काय सांगून येते का." कोटेशनरावांना या वाक्यात धमकी दिसली. शिवाय लिफ्टच्या दुरुस्तीला एकच कोटेशन घेतलं होतं, त्याचाही राग आला, पण स्वतःच्याच घरात चार पायांचं गुपित असल्यामुळे तो गिळावा लागला. सगळी इमारत आपल्यावर पाळत ठेवून आहे आणि कुठल्याही दिवशी नोटीस येणार, अशी त्यांची खात्री झाली. तिकडे मैत्रिणीच्या येण्याचा दिवस जवळ येत होता. मुलगी रोज विचारायची, झालं का काही? आणि बाबा रोज सांगायचे, होतंय, होतंय.

अखेर कोटेशनरावांनी आयुष्यात पहिल्यांदा तत्त्व सोडलं. कोटेशन न घेता, भाव न करता, एका चांगल्या दुकानात जाऊन त्यांनी सगळ्यात शांत पंप मागितला. दुकानदाराने हातावर एक डबी ठेवली, तिला हवा कमी-जास्त करायचं बटण होतं. वर मोठा स्पंज घ्या म्हणाला. सगळं मिळून पहिल्या चुकलेल्या खरेद्यांपेक्षा स्वस्त पडलं, ही गोष्ट त्यांनी बायकोपासून अजून लपवून ठेवली आहे.

शनिवारी संध्याकाळी नवा पंप सुरू झाला. म्हणजे सुरू झाला असावा, कारण काही ऐकूच येईना. फक्त बारीक बारीक बुडबुडे वर येत होते. कोटेशनराव पुन्हा फरशीवर पालथे पडले. काही नाही. घरात इतकी शांतता पसरली की घड्याळ ऐकू येऊ लागलं. त्यांचे डोळे भरून आले. टाकीपुढे बसून ते मोकळ्या आवाजात म्हणाले, "पंत, सुटलात. संपला एकदाचा सगळा त्रास. आता शांत पडून राहा." मुलीने फोनवर पंतांना सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि पास केलं. मैत्रिणीला नको येऊ म्हणून सांगते म्हणाली. त्या रात्री कोटेशनराव लहान मुलासारखे झोपले.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात बाई, केमिस्ट आणि सेक्रेटरी उभे होते. तिघांचेही कपडे फिक्या रंगाचे, मान खाली, आणि सेक्रेटरींच्या हातात फुलं. त्यांच्यामागे जिन्यात आणखी चार-पाच माणसं होती. बाईंचे डोळे सुजलेले दिसत होते.

कोटेशनरावांना वाटलं, आली शेवटी तपासणी. हात जोडून ते म्हणाले की चूक माझी आहे, मी आधीच परवानगी मागायला हवी होती. सेक्रेटरी म्हणाले, अशा गोष्टीत परवानगी कसली, आणि हळूच पुढे म्हणाले, "गाडी सांगून ठेवली आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा नेऊ."

"इतकी घाई कशाला?" कोटेशनराव दार अडवून म्हणाले. "मुलीला येऊ द्या निदान. तिचे आहेत हो ते. माझ्याकडे फक्त सांभाळायला होते."

बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. म्हणाल्या, "तुम्ही काही कमी केलं नाहीत. मी ऐकत होते रोज."

"मग एकदा स्वतः बघा त्यांना," कोटेशनराव म्हणाले. "कसे हसतायत बघा. ते बघूनही न्यायचं म्हणालात तर मी आडवा येणार नाही."

सगळे पावलं न वाजवता आत आले. हॉलमध्ये पलंग नव्हता. कोपऱ्यात एक काचेची टाकी होती आणि तीत पंत नुकतंच घातलेलं गांडूळ गिळत होते. अर्धं आत गेलं होतं, अर्धं बाहेर होतं. सेक्रेटरी इकडे तिकडे पाहत पंत कुठे ठेवलेत असं विचारू लागले, आणि कोटेशनरावांनी बोट दाखवलं.

मग केमिस्ट स्वतःशीच पुटपुटले, "ऐंशी लिटर." सेक्रेटरी खाली वाकून पाय मोजत होते. जिन्यातल्या कोणीतरी मागून विचारलं, किती वाजता नेणार आहेत, आणि कोटेशनरावांच्या बायकोला सगळा उलगडा होऊन ती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही.

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख हळूहळू उतरलं आणि त्या जागी मुख्याध्यापिका आली. त्यांनी सांगितलं की वर कोणी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय, ऑक्सिजनच्या मशीनवर आहे, हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तुम्ही त्यांची इतकी विचारपूस करायचात, आणि ते बिचारे कधी एक शब्दही बोलायचे नाहीत. काल मशीन थांबलं, तुम्ही सुटलात म्हणालात, आणि माझा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

"म्हणजे," कोटेशनरावांनी विचारलं, "मी पंतांशी बोलतो ते सगळं खाली ऐकू येतं?"

"सगळं," बाई म्हणाल्या.

कोटेशनरावांना आठवू लागलं. मुलीच्या साहेबांविषयी बोललो होतो. सेक्रेटरींविषयी बोललो होतो. बाईंविषयी तर बरंच. आणि रोज, अगदी रोज, तेही. त्यांचे कान तापले. नेमका तेव्हाच फोन वाजला. सुट्टी म्हणून सकाळीच आलेला मुलीचा व्हिडिओ कॉल. बंद करायला गेले तो घाईत चालूच झाला आणि मुलीला टाकीभोवती फिक्या कपड्यांत उभी असलेली सगळी मंडळी आणि सेक्रेटरींच्या हातातली फुलं दिसली.

"बाबा, पंत गेले?" ती किंचाळलीच.

बाईंनी हात पुढे केला आणि कोटेशनरावांनी वर्गातल्या मुलासारखा मुकाट्याने फोन दिला. पंत ठणठणीत आहेत, जेवतायत, असं बाईंनी आधी सांगितलं. मग म्हणाल्या, "ना-हरकतीवर मी आजच सही करते. एका अटीवर. तो आधीचा आवाजाचा पंप परत लावायचा. एकटीच्या घरात झोपताना मला त्याची सवय झालीय. आणि तुला एक सांगते. तुझे वडील रोज संध्याकाळी या प्राण्याला सांगतात की तुम्ही आहात म्हणून पोरगी फोन करते, तुम्ही गेलात की तीही गेली. हे मी मनाचं सांगत नाहीये, छतातून ऐकून सांगतेय. तेव्हा पंत असोत नसोत, तू फोन करत जा."

कोटेशनरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण धरणीखाली बाईंचं घर होतं. त्यांनी फोन परत घेतला. स्क्रीनवर मुलीचं नाक लाल झालं होतं. मग तिने बाहीने डोळे पुसले.

"बाबा," ती म्हणाली, "तो प्राणी दिवसभर हलतसुद्धा नाही. त्याला रोज रोज काय बघायचं असतं?"

केमिस्टनी सगळ्यांना खूण केली आणि मंडळी एकेक करून जिना उतरू लागली. कोटेशनराव फोन घेऊन टाकीपाशी बसले. आज फोन पंतांकडे वळवायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही, आणि मुलीनेही आठवण करून दिली नाही.